आर्विलची वही आणि झऱ्यातली म्हातारी

आर्विल रॅथबोन कशाकशाला घाबरत नाही, याची यादी करणं फार सोपं आहे. सॅलॅमँडरला, म्हणजे ओल्या दगडांखाली राहणाऱ्या पालीसारख्या प्राण्याला, घाबरत नाही. संपली यादी.

बाकी सगळ्याला घाबरतो. विजेला घाबरतो, अस्वलाला घाबरतो, शेपटी खुळखुळवणाऱ्या सापाला घाबरतो, आणि न खुळखुळवणाऱ्या सापाला त्याहून जास्त, कारण तो आगाऊ सूचना देत नाही. उंची सव्वासहा फूट, पंजे फावड्याएवढे. सव्वीस वर्षं त्यानं आमच्या डोंगरातल्या वळणांवरून शाळेची बस चालवली. पण समोरून ओंडक्यांचा ट्रक आला की बस कडेला उभी करून, टोपी मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसायचा. मागून पोरं ओरडायची, "आर्विल, गेला ट्रक!" मग हा एक डोळा उघडायचा. सव्वीस वर्षांत बसला ओरखडा नाही. निवृत्त झाला तेव्हा शाळेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रात्री टोले देतं म्हणून त्यानं ते पिठाच्या डब्यात पुरून ठेवलंय.

आणि हाच माणूस ओढ्याकाठी गुडघे टेकून, ओल्या दगडाखाली बिनदिक्कत हात घालतो. म्हणजे, अगदी बिनदिक्कत नाही. आधी कुदळीच्या दांड्यानं दगडावर दोनदा टकटक. मग मोठ्यानं, "साप असाल तर आधी निघा, मला घाई नाही." मग तीस आकडे. मग हात पाण्यात भिजवायचा, कारण या प्राण्यांना फुप्फुसं नसतात, कातडीनं श्वास घेतात, आणि कोरड्या हातानं धरलं तर त्यांचा जीव घुसमटतो. मग दगड उचलायचा, खाली कोण आहे ते बघायचं, आणि दगड होता तसाच, होता त्याच खळग्यात परत ठेवायचा. कुणाचं छप्पर उचलून बघितलं तर ते नीट बसवून जावं, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं.

बकआय खोऱ्यात आम्ही सगळे या प्राण्यांना एकच नाव द्यायचो: झऱ्यातली पाल. काळी असो, तांबडी असो, गळाला लावली की मासा येतो, संपलं. मग एकदा कॉलेजातला एक माणूस आला, चार दिवस आमचे दगड उचलत राहिला आणि जाताना आर्विलला म्हणाला, "तुमच्या या दोन-चार खोऱ्यांत जितक्या जाती आहेत तितक्या जगात दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत." आर्विलला धक्काच बसला. साठ वर्षं शेजारी राहून आपल्याला शेजाऱ्यांची नावं माहीत नाहीत!

त्यानं छापील पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं, बरगड्यांमधल्या खाचा मोजा. आर्विलनं तीन दिवस प्रयत्न केला. "अरे, तो प्राणी मोजून घ्यायला थांबतो कुठे?" असं म्हणून त्यानं स्वतःचीच वही सुरू केली. बसमध्ये पोरांनी विसरलेले रंगीत खडू होतेच. आणि ओळखण्याच्या खुणा लिहिताना त्यानं जी रीत काढली ती त्याची एकट्याची. प्रत्येक प्राण्याला खोऱ्यातलं एक माणूस.

"काळा, अंगावर चुन्याचे शिंतोडे. हाताला चिकटतो तो घासूनही सुटत नाही. पाद्री डॉकरी."

"अंग काळं, फक्त गाल लाल. पोस्टातली हेझेल."

"गालाला तीच लाली, पण मागचे पाय दणकट, अंग चपळ. हेझेलची जाऊ. लांबून फसायला होतं."

"ओढ्यातला दोन फुटी, चपटा, सुरकुतलेला. दिसायला भयंकर, स्वभावानं गरीब. लोक उगाच दगड मारतात. क्लाइड मामा."

"ठरावीक रंग नाही. ओळखता येत नाही. दगड हलला की सगळ्यात आधी पळतो. मी."

तर अशी चोवीस पानं झाली होती. पंचविसावं राहिलं होतं, आणि ते सगळ्यात अवघड होतं. त्या पानावरचा प्राणी डेल्फीच्या झऱ्यात राहत होता.

डेल्फी म्हणजे आर्विलची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आर्विल नऊ वर्षांचा आणि डेल्फी वीस. तिनं त्याला वाढवला, न्हाऊमाखू घातला, विजा कडाडल्या की पलंगाखालून ओढून काढला. अजूनही त्याला "बब" म्हणते, म्हणजे बाळ्या. तिचं घर वर, उताराच्या माथ्याला. आर्विलचं खाली, रस्त्याच्या कडेला. आणि मध्ये चर्च. वरच्या घरामागे कड्याच्या पोटातून झरा निघतो. त्यावर त्यांच्या आजोबांनी बांधलेली दगडी कोठी, आत गार पाण्यात ताकाच्या बरण्या, खिळ्याला टांगलेलं भोपळ्याचं ओगराळं. त्याच पाण्याची एक नळी खाली आर्विलकडे येते.

आणि त्या कोठीत म्हातारी राहायची. वीतभर लांब, शिजवलेल्या सामन माशाच्या तांबूस रंगाची. आमच्याकडे प्रत्येक झऱ्याला अशी एक राखणदार असते. ती आहे तोवर पाणी आहे. तिला मारलं तर झरा आटतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही; चुलीला हात लावू नये हे जसं कळतं तसं कळतं. डेल्फी रोज सकाळी बादली घेऊन जायची, वाकून बघायची, "आहेस का गं?" म्हणायची, आणि मग पाणी भरायची.

शहाऐंशी सालचा दुष्काळ पडला आणि एकेक विहीर आटायला लागली. क्लाइड मामाची गेली, हेझेलची गेली. डेल्फीची मुलगी मेव्हिस नॉक्सव्हिल शहरातून फोनवर फोन करायला लागली, "आई, तिकडं एकटी काय करतेस? इथं नळ आहे."

डेल्फीनं तिला सांगून टाकलं, "झरा आहे तोवर मी इथं. आटला तर ये, माझी पेटी घेऊन जा."

हे ऐकल्यापासून आर्विलची झोप उडाली. साठ वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता की वर डेल्फीच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. ती नॉक्सव्हिलला गेली तर, त्यानं मला विचारलं होतं, "वीज पडायला लागली की मी कुणाकडे बघू?"

अशा वेळी शहाणा माणूस झऱ्याच्या वाटेला गेला नसता. पण आर्विलला पंचविसावं पान छळत होतं. पुस्तकात तांबूस रंगाच्या दोन जाती होत्या, त्यातली एकच खरी झऱ्यातली. दोघी लांबून बहिणी वाटतात. फरक एकच: झऱ्यातलीच्या डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत फिकट रेघ असते आणि तिच्या खाली काळी किनार, दुसरीला, म्हणजे नुसत्या तांबडीला, ती नसते. कोठीतल्या अंधारात ती रेघ आहे की नाही ते दिसत नव्हतं. आणि आर्विलच्या मनात शंका शिरली की म्हातारी खरोखर झऱ्यातलीच आहे ना? की इतकी वर्षं एक साधी तांबडीच राखण करतेय, आणि तिला ती जमत नाहीये म्हणून पाणी कमी होतंय? घाबरट माणसाच्या डोक्यात शंका शिरली की ती बिऱ्हाड थाटते.

एका बुधवारी दुपारी चर्चच्या अंगणात पावसासाठी प्रार्थना होती. डेल्फी तिकडं गेली. आर्विल मागच्या वाटेनं कोठीत शिरला, टकटक केली, तीस आकडे मोजले, हात भिजवले आणि म्हातारीला ओल्या शेवाळासकट काचेच्या बरणीत घेतलं. बेत असा: घरी न्यायचं, उजेडात चित्र काढायचं, डेल्फी परतायच्या आत जागेवर. वीस मिनिटांचं काम. बरणी गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवली. मधमाशी आत येईल या भीतीनं दोन्ही काचा वर केल्या.

चर्चपाशी पाद्री डॉकरी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा.

"ब्रदर आर्विल! देवानंच धाडलं तुला! रिंगणात एक माणूस कमी पडतोय."

"पाद्रीबाबा, मला जरा..."

"पावसाहून मोठं काय काम आहे तुला?"

आर्विल उतरला. सगळे हात धरून गोल उभे होते. डाव्या हाताला पाद्री, उजव्या हाताला हेझेल, आणि बरोबर समोर, डोळे मिटून, डेल्फी. तिच्या मागे पंधरा पावलांवर गाडी, आणि गाडीच्या काचेआड तिच्या झऱ्याची राखणदार.

पाद्री डॉकरीनं सुरुवात मक्यापासून केली. मग बटाटे. मग तंबाखू; तंबाखूला पाप म्हणणारा बाप्टिस्ट असूनही त्यानं तंबाखूसाठी लांबलचक मागणं मागितलं, कारण त्याची स्वतःचीही दोन एकर होती. मग एकेका घराचं नाव घेऊन एकेका विहिरीसाठी. आर्विलनं हात सोडवायचा प्रयत्न केला तर पाद्री कानाशी पुटपुटला, "भरून आलंय ना, ब्रदर? येऊ दे," आणि आणखी घट्ट धरला. ऊन गाडीच्या काचेवर चकाकत होतं. आर्विल दर दोन मिनिटांनी जोरात "आमेन!" म्हणायचा, आता तरी संपेल म्हणून. पाद्रीला त्यानं चेव यायचा. आर्विलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. खोऱ्यातले लोक अजून सांगतात, त्या दिवशी सगळ्यात मनापासून प्रार्थना आर्विलनं केली.

सव्वा तास. आकाशात ढग नाही.

गाडीत बरणी हाताला भाजत होती. म्हातारी शेवाळावर पालथी, अंग कोरडं पडलेलं. आर्विलनं तिला ओढ्यात बुडवलं, हातात धरून फुंकर घातली, विनवण्या केल्या. काही झालं नाही. तिच्या डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत फिकट रेघ होती. लख्ख दिसत होती.

त्यानं तिला आपल्या सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. मग घरात येऊन दाराला कडी घातली आणि पंचविसावं पान लिहिलं. वहीत खोटं लिहायचं नाही, हा त्याचा नियम होता. जे लिहायचं ते सगळं लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून नळीची धार बारीक व्हायला लागली. पूर्वी बादली भरेपर्यंत भजनाची दोन कडवी व्हायची. आता तीन झाली, मग चार. रविवारी तर अख्खं भजन संपून त्यानं पहिलं कडवं परत धरलं तरी बादली पाऊण. दुष्काळच होता तो, सगळीकडचंच पाणी कमी होत होतं, मी त्याला दहादा सांगितलं असतं. पण तो कुणाला सांगेल तर ना. पाणी प्यायलाही त्याला भीती वाटायची, न जाणो हा शेवटचा घोट असला तर.

सोमवारी डेल्फी त्याच्याकडे मक्याची पोळी घेऊन आली.

"बब, म्हातारी चार दिवस दिसली नाही."

"उकडत असेल तिला," आर्विल म्हणाला. त्यानं रिकामा पेला तोंडाला लावला.

"झऱ्यात उकडतं होय? तुला काय झालंय? रंग उडालाय तुझा."

"मला? कुठे काय?"

"लहानपणी माझ्या घागरीत मुतला होतास ना, तेव्हा अस्सा दिसत होतास." डेल्फी त्याच्याकडे निरखून बघत राहिली. मग उठली. "मेव्हिस शनिवारी येतेय. पेटी काढून ठेवलीय मी. उगाच हट्ट कशाला? पाणीही चाललं, तीही गेली."

ती गेल्यावर आर्विलनं कुदळ उचलली, वही काखेत मारली. मग आयुष्यात पहिल्यांदा तो एकटा वरच्या लॉरेलच्या झुडपांच्या दाट जाळीत गेला. तिथं दिवसाही माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत आणि अस्वलं वाटेतून बाजूला होत नाहीत. कुदळीनं प्रत्येक खोडावर टकटक करत, "घाई नाही, घाई नाही," म्हणत तो चढला. एकदा मागे फांदी मोडली तेव्हा त्यानं वळूनही पाहिलं नाही. जागेवर उभं राहून अस्वलाला स्वतःचं नाव, पत्ता आणि वय सांगितलं. फांदी स्वतःच्याच खांद्यानं मोडली होती. शेवटी एका पाणथळ दगडाखाली तांबूस, वीतभर, हुबेहूब म्हातारी! त्यानं भिजलेल्या पिशवीत ती घेतली आणि खाली येईपर्यंत एकदाही थांबला नाही. डेल्फी शेंगा खुडत होती तेवढ्यात ती कोठीत सोडून दिली.

मंगळवारी सकाळी डेल्फीची हाक आली. ती हाक खोऱ्यात सगळ्यांना ओळखू येते.

"बब! वर ये."

कोठीच्या दारात ती उलट्या बादलीवर बसली होती. मांडीवर आर्विलची वही. सोमवारच्या धांदलीत तो ती कोठीतच विसरला होता. आर्विल दारातच अडखळला.

"माझ्या झऱ्यात कुठली पाहुणी आणून सोडलीस?"

"पा... पाहुणी?"

"हिला रेघ नाही. म्हातारी नाक मुरडून बघायची. ही बावळट मेंढीसारखी बघते. चोवीस पानं लिहिलीस ना रे? तुला दिसलं नाही?"

त्याला दिसलं नव्हतं. अस्वलाच्या भीतीनं त्यानं डोळ्याकडे बघितलंच नव्हतं. सगळ्या वहीत हा एकच प्राणी ओळखायला तो चुकला होता.

डेल्फीनं चष्मा नाकावर घेतला आणि पंचविसावं पान सावकाश, मोठ्यानं वाचलं.

"डोळ्यापासून नाकापर्यंत फिकट रेघ, जणू कायम कुणावर तरी रागावलेली. गार पाण्यात राहते, जागा सोडत नाही. आपल्याहून लहान असेल त्याला खाते. हिच्यामुळे झरा आहे. डेल्फी."

कोठीत पाण्याचा थेंबथेंब आवाज येत होता. आर्विलनं टोपी काढून छातीशी धरली, ट्रक येत असताना काढायचा तशी.

डेल्फीनं पुढचं वाचलं, आता हळू आवाजात. "ही मी मारली. बुधवारी, प्रार्थना चालू असताना. काचा वर केल्या होत्या. मी सांगणार होतो, पण मग डेल्फी जाईल."

तिनं वही मिटली, परत उघडली. आर्विल म्हणतो की त्या वेळी कड्यावरून वीज त्याच्या टाळूवर पडली असती तर त्यानं तिचे आभार मानले असते.

"खाते?" डेल्फी म्हणाली. "मी कुणाला खाल्लं रे?"

"डेल्फी, मी..."

"गप्प बस. आडवा हो."

"काय?"

"पालथा झोप इथं. मागच्या मोठ्या दगडाखाली फट आहे, पाणी येतं तिथं. तो दगड आजोबांनी बसवल्यापासून कुणी उचललेला नाही, आपणही उचलायचा नाही. पण तुझा हात जाईल. हात घाल आणि बघ आत कोणी आहे का. असेल तर मी मेव्हिसला रिकामी परत धाडते. नसेल तर मी जाते. इथं राहून तुला शिव्या देत बसण्यापेक्षा ते बरं."

आर्विल पालथा झाला. फट काळीकुट्ट होती. कुदळ बाहेर राहिली होती. तांबड्या डोक्याचे विषारी साप उन्हाळ्यात नेमके अशाच गार फटीत येऊन बसतात, हे त्याला माहीत होतं; ते आपल्या मनगटाएवढे जाड होतात हेही माहीत होतं. त्यानं बोटानं दगडावर टकटक केली. "साप असाल तर..." आवाजच फुटेना.

"तीस मोजत बसू नकोस," डेल्फी म्हणाली. "पाणी तेवढं उरलेलं नाही."

त्यानं हात घातला. मनगट. कोपर. गार, बर्फासारखं, बुळबुळीत, आणि रिकामं. त्याला स्वतःचं काळीज दगडावर आपटताना ऐकू येत होतं. आणखी आत. काहीच नाही. त्यानं बोटं उलटी करून दगडाच्या खालच्या अंगाला चाचपलं, आणि तिथं काहीतरी मऊ लागलं. बारीक गोळ्या, चिकटवलेल्या, द्राक्षांच्या घडासारख्या, पाण्यात हलणाऱ्या. एक, दोन, वीस...

"डेल्फी, इथं अंडी..."

आणि कुणीतरी त्याच्या बोटाला चावलं.

आर्विल जो किंचाळला, तो खाली चर्चमध्ये पाद्री डॉकरीला ऐकू गेला. हात बाहेर आला, पाठोपाठ आर्विल बाहेर आला. "साप! मेलो! डेल्फी, साप!"

डेल्फीनं त्याचं बोट धरून उजेडात नेलं. कातडीवर फणीच्या दात्यांसारखी नाजूक ओळ उमटली होती. रक्ताचा टिपूसही नाही.

"साप म्हणे. खाली बघ."

फटीच्या तोंडाशी पाण्यात एक तांबूस डोकं आलं होतं, कुणाच्या परवानगीनं आलात असं विचारत. आर्विल तसाच चार पायांवर पुढे सरकला, बोट तोंडात धरून, आणि म्हणाला, "रेघ आहे. डेल्फी, डोळ्यापासून नाकापर्यंत... आहे. खाली काळी किनार पण आहे."

"नीट बघ. एकदा चुकलायस."

"आहे. शप्पथ. नाकही मुरडतेय."

डेल्फी गुडघ्यावर हात टेकून वाकली. "आहेस का गं?" म्हणाली. मग पदराला पुसावेत तसे हात ॲप्रनला पुसले आणि उठली. "जा, मेव्हिसला फोन लाव. म्हणावं, शनिवारी ये, पण जेवून जा. आणि ती पाहुणी, जिथून आणलीस तिथं, त्याच दगडाखाली सोडून ये."

"लॉरेलच्या जाळीत? अस्वल..."

"तुझं नाव-पत्ता आहे ना त्याच्याकडे? क्लाइडनं ऐकलं वरून. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे."

पाऊस सप्टेंबरात आला. तोवर आर्विलची नळी पूर्ण कोरडी पडली होती, पण वर कोठीत एक करंगळीएवढी धार शेवटपर्यंत टिकली, डेल्फीच्या चुलीपुरती. आर्विल रोज सकाळी चढ चढून दोन बादल्या भरून नेई आणि भरताना टोमणे ऐके. अजूनही जातो, नळीला पाणी आलं तरी. कोठीच्या दारात पोचला की त्याचे पाय आजही अडखळतात. आधी डेल्फीच्या धुराड्याकडे बघतो, मग टकटक करतो, मग वाकतो, आणि रेघ दिसेपर्यंत श्वास घेत नाही.

वही त्यानं पुरी केली. पंचविसाव्या पानावर चित्र आहे, खुणा आहेत, कबुली आहे, त्यानं काहीही खोडलेलं नाही. फक्त "आपल्याहून लहान असेल त्याला खाते" या ओळीवर कुणीतरी जाड पेन्सिलीनं काट मारलीय, आणि वर डेल्फीच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: "खात नाही. हात घातला तर चावते."